दुबईतलं बांधकाम आणि आपली फौज: पेन्शनवर येणाऱ्या एका सुभेदार साहेबांना उत्तर

सुभेदार साहेब, जय हिंद.

तुमचं विचारणं थोडक्यात असं: बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत) २६ वर्षं, त्यातली बरीच एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराची बांधकामं पाहणाऱ्या खात्यात, सुपरिंटेंडेंट बी/आर (इमारती आणि रस्ते) म्हणून, दापोडीच्या सीएमईमधला, म्हणजे लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजातला, सिव्हिलचा डिप्लोमा, मार्चमध्ये पेन्शन. मुंबईतला एक एजंट तुम्हाला थेट दुबईत 'कन्स्ट्रक्शन मॅनेजर' म्हणून लावून देतो म्हणतोय. जावं का, आणि पुढे मोठ्या पदापर्यंत पोचता येईल का?

जावं. पोचताही येईल. पण एजंट जी खुर्ची दाखवतोय ती पहिल्या दिवशी मिळत नसते, आणि मिळालीच तर टिकत नाही. का ते सांगतो.

मी मेजर म्हणून बाहेर पडलो. फील्ड कंपनी (लढाऊ तुकड्यांसोबत राहणारी इंजिनिअर तुकडी), बीआरओ म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणारी संघटना, आणि शेवटी एमईएस, असा प्रवास. आज इथं दुबईत एका कॉन्ट्रॅक्टरकडे कन्स्ट्रक्शन डायरेक्टर आहे. फौजेतून आलेली माणसं मी इथं चढताना पाहिली आणि परत जातानाही पाहिली. दोघांच्या मेहनतीत फरक नव्हता. फरक होता तो कंत्राट वाचण्याच्या सवयीत.

फौजेत काम हुकमावर चालतं. सीओ साहेबांनी तारीख दिली की स्टोअर्स, गाड्या, माणसं त्या तारखेकडे वळतात. इथं क्लायंट, कन्सल्टंट, मेन कॉन्ट्रॅक्टर आणि डझनभर सबकॉन्ट्रॅक्टर, प्रत्येकाची सही वेगळी आणि खिसा वेगळा. प्लंबिंगवाल्याच्या फोरमनवर तुमचा हुकूम चालत नाही. त्याच्या कंपनीशी झालेल्या करारात जे लिहिलंय, तेवढंच चालतं.

एक उदाहरण नीट समजून घ्या. आखाती देशांतल्या बऱ्याच कंत्राटांचा पाया फिडिकचं लाल पुस्तक असतो, म्हणजे सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं छापलेला कंत्राटाचा नमुना. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत २०.१ हे कलम आहे. कॉन्ट्रॅक्टरला जादा वेळ किंवा पैसा हवा असेल, तर कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे. नाही गेली तर हक्क संपला. समजा कन्सल्टंटनं लिफ्ट पिटची ड्रॉइंग उशिरा दिली आणि तुमचा गँग बसून राहिला. तुम्ही मीटिंगमध्ये आवाज चढवून सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची किंमत शून्य. त्याऐवजी चार ओळींचं पत्र हवं: कुठली ड्रॉइंग, कधी यायला हवी होती, कधीपासून काम अडलंय, कुठल्या कलमाखाली कळवतोय. सोबत रोजचा साईट रिपोर्ट: किती माणसं, कुठलं मशीन, काय काम थांबलं. असा रिपोर्ट आपले हवालदार डोळे मिटून लिहू शकतात. एमईएसमध्ये तुम्ही मेजरमेंट बुक भरलंय, आयएएफडब्ल्यू-२२४९ या फॉर्मवरच्या, एमईएसच्या कंत्राटांच्या जनरल कंडिशन्स हाताळल्यात, म्हणून तुम्हाला हे फील्ड कंपनीतल्या माणसापेक्षा लवकर जमेल. हा तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे, आणि तो तुमच्या बायोडेटात कुठेच दिसत नाही.

बायोडेटा बदला. 'सुपरिंटेंडेंट बी/आर, जीई (गॅरिसन इंजिनिअर) ऑफिस' हे इथल्या एचआरच्या मुलीला कळणार नाही. किती चौरस मीटरचं बांधकाम, किती रकमेचं, एका वेळी किती माणसं हाताखाली, कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत, हे लिहा. फॉरवर्ड भागातल्या बांधकामांची ठिकाणं, युनिटची तैनाती, डिफेन्स वर्क्सचा तपशील मात्र एका शब्दानंही लिहू नका, फोटोही नकोत. समोरचा कितीही गोड बोलून विचारो.

पदव्यांचं थोडं कडू सत्य. १५ वर्षं सेवेवर मिळणारं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट भारतात ग्रुप सीच्या सरकारी नोकरीसाठी चालतं, इथं ते इंजिनिअरिंगची पदवी ठरत नाही. व्हिसावर 'इंजिनिअर' लागायचं तर अटेस्ट केलेली इंजिनिअरिंगची पदवीच लागते. डिप्लोमावर तुम्ही सुपरवायझर, जनरल फोरमन किंवा क्यूसी (कामाचा दर्जा तपासणारा) इन्स्पेक्टर म्हणून या. सुभेदारी केलेल्या माणसाला 'फोरमन' ऐकून वाईट वाटतं, मला कल्पना आहे. पण टॉवरच्या साईटवरचा जनरल फोरमन तीनचारशे माणसं हलवतो, आणि ती जागा सांभाळलेला माणूस पुढे कन्स्ट्रक्शन मॅनेजर झाला तर त्याला कोणी फसवू शकत नाही. डिप्लोमा महाराष्ट्र शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास या क्रमानं अटेस्ट (शिक्कामोर्तब) करून घ्या. हे पेन्शनच्या आधीच सुरू करा, वेळ लागतो.

सर्टिफिकेटांमध्ये आधी नेबॉश या ब्रिटिश सुरक्षा-परीक्षा मंडळाचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट करा, सुरक्षेच्या कामाचं दार त्यानं उघडतं. मग पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट. पदवी नसली तरी ६० महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवून परीक्षेला बसता येतं, आणि फौजेतला अनुभव त्यात धरता येतो. प्रायमावेरा हे कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर शिकाच. प्लॅनिंग इंजिनिअर जे पडद्यावर दाखवतो ते वाचता येत नसेल, तर मीटिंगमध्ये तुम्ही फक्त चहा प्याल.

आता फौजेनं दिलेली शिदोरी, कारण तिची किंमत इथं खरोखर मोठी आहे. ऑगस्टमधल्या राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या जाड पायाच्या, काँक्रीटची रात्र डोळ्यांसमोर आणा. दिवसा ओतता येत नाही म्हणून काम रात्री. ट्रान्झिट मिक्सरची रांग गेटबाहेरपर्यंत. प्रत्येक गाडीतल्या काँक्रीटचा स्लंप (किती पातळ-घट्ट ते) आणि तापमान मोजायचं. बऱ्याच स्पेसिफिकेशनमध्ये मर्यादा ३२ अंशांची असते, म्हणून प्लांटवर मिक्समध्ये बर्फ घालतात. थर्मामीटरनं ३४ दाखवलं की गाडी परत. मधेच पंप बंद पडला आणि पुढचा थर वेळेत पडला नाही तर कोल्ड जॉइंट, दोन थर एकजीव न झालेला सांधा, म्हणजे पुढचे कित्येक आठवडे कन्सल्टंटशी पत्रव्यवहार. अशा रात्री दुसरा पंप कुठे उभा आहे, त्याचा ऑपरेटर जागा आहे का, गाड्या कुठल्या रस्त्यानं वळवायच्या, हे संध्याकाळीच विचारून ठेवणारा माणूस बहुतेक वेळा फौजेतला निघतो. ओ-ग्रुप (कामाआधी हुकूम देण्याची बैठक) घेतल्यासारखं दहा मिनिटांत प्रत्येकाला त्याचं काम सांगणं इथं फार कमी लोकांना येतं.

दुसरी शिदोरी म्हणजे दरबार, जवानांचं म्हणणं थेट ऐकायचं आपलं सैनिक संमेलन. पनामा कालव्याचं काम १९०७ साली अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर कोअरमधल्या जॉर्ज गोथल्स या अधिकाऱ्याकडे गेलं, आणि ऑगस्ट १९१४ मध्ये कालवा खुला झाला. हा माणूस दर रविवारी सकाळी बसून कामगारांच्या तक्रारी स्वतः ऐकायचा, कोणीही यावं आणि बोलावं. दरबाराची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही, पण इथल्या साईटवर मॅनेजर कामगाराशी थेट बोलतो याचंच नवल वाटतं. मी आठवड्यातून एकदा बसतो. लेबर कॅम्पमधलं पाणी, थकलेला ओव्हरटाइम, घरी कोणी आजारी, हे सगळं तिथं कळतं आणि अपघात तिथंच टळतात. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम बंद, हा कायदा आहे. 'एवढं शटरिंग उरकून घेऊ' म्हणणारा सबकॉन्ट्रॅक्टर भेटेलच. त्याला तिथल्या तिथे थांबवा. आपल्या जवानाला आपण असं उन्हात मारलं नसतं.

साईटवर बिहारचा, राजस्थानचा, तेलंगणाचा, नेपाळचा, बांगलादेशचा माणूस असेल. क्रेनवर किंवा शॉवेलवर पेशावरचा पठाण असेल, कदाचित त्यांच्या फौजेतून निवृत्त झालेला. हिंदी-उर्दूवर सगळं चालतं. सीमेवरचा हिशेब गेटबाहेर ठेवायचा. माझे सगळ्यात भरवशाचे दोन ऑपरेटर तिकडचे आहेत.

पैशांचं आणि एजंटचं. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी पाहा. नोंदणीकृत एजंटला भारतीय नियमांनुसार ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच फी घेता येते, आणि यूएईच्या कायद्यानं भरतीचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. लाखांत मागत असेल तर उठून या. 'व्हिजिट व्हिसावर या, तिकडे बदलून देतो' म्हणाला तरी उठून या. ऑफरमध्ये एकूण पगाराला भुलू नका, बेसिक किती ते बघा, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा, त्यानंतर ३० दिवसांचा. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेणं बेकायदा आहे.

पेन्शन चालू राहील, पण हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर भरा. अनिवासी झालात की बँकेत सांगून खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर इथं उपचार होत नाहीत, म्हणून वहिनींना आणायचं असेल तर विमा त्यांच्यासकट मागा. मुलगी बारावीला आहे म्हणालात, तर पहिलं वर्ष एकट्यानंच या, तिचं वर्ष हलवू नका. निवृत्तीनंतर लगेच नोकरी धरण्यासाठी तुमच्या रँकला परवानगी लागते का, ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी विचारून घ्या.

ऑफर लेटर हातात आलं की सहीच्या आधी मला पाठवा. बेसिक, रजेचं तिकीट, नोटीस पिरियड आणि व्हिसावरचं पद, या चार ओळी मी आधी बघीन.