हार्मोनचे उपचार आणि डोकेदुखी: नव्याने सुरुवात करणाऱ्या मैत्रिणीस

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी हार्मोनचे उपचार सुरू केल्यावर डोके दुखू लागले, तर घाबरून औषध एकाएकी बंद करू नका. शरीराला नव्या मात्रेची सवय होईपर्यंत असे होऊ शकते आणि बरेचदा हा त्रास पहिल्या 3 महिन्यांत ओसरतो. तोवर एका वहीत रोज नोंद ठेवा: दुखणे केव्हा सुरू झाले, कोणत्या बाजूला, झोप किती झाली, औषध किती वाजता घेतले. माझे डोके प्रोजेस्टेरॉनच्या (या उपचारातल्या एका हार्मोनच्या) गोळ्या चालू असलेल्या दिवसांतच दुखते, हे मला अशा वहीतूनच उमगले आणि ती पाने पाहून डॉक्टरांनी औषधयोजना बदलली.

इस्ट्रोजेनची, म्हणजे या उपचारातल्या दुसऱ्या हार्मोनची, पातळी वर-खाली झाली की अर्धशिशी उसळते. गोळीपेक्षा त्वचेवरच्या पॅचमधून किंवा जेलमधून ते अधिक एकसारखे मिळते, म्हणून हा पर्याय तुम्ही स्वतःहून विचारावा, असे मला मनापासून वाटते. पॅचची कड घामाने सुटलेली नाही ना, हेही बोट फिरवून पाहत जा. वेदनाशामक गोळ्या मात्र जपून घ्या. महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस त्या घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण इस्ट्रोजेन कोणत्या स्वरूपात द्यायचे हे त्यावरून ठरते. अचानक असह्य डोकेदुखी झाली, जीभ अडखळली, दिसेनासे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.