दुकानातला कॉम्प्युटर फारच स्लो चालतो, रॅम वाढवली तर फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की जालन्याच्या मोंढ्यात अडत दुकानाचा हिशेब तुमच्याकडे आहे. मशीन थर्ड जनरेशन आय-थ्री प्रोसेसरचं, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क जुनी, विंडोज १०. टॅली, एक्सेल आणि क्रोम एकदम उघडले की माऊस जागेवर अडकतो. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, मालक म्हणतात आहे त्यातच भागवा.

मी लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. गिऱ्हाईक बहुतेक तुमच्यासारखंच, अडत दुकानं आणि कर सल्लागारांची ऑफिसं. रॅम वाढवून तुमच्या मशीनला फरक पडेल असं मला वाटतं. पण पैसे काढायच्या आधी पाच मिनिटं एक गोष्ट बघा.

दुकान भर चालू असताना, सगळे प्रोग्रॅम उघडे ठेवून, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी आणि डिस्क हे दोन आकडे बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी पन्नास-साठवर आहे आणि डिस्क मात्र सतत १०० वर, असं असेल तर रॅम टाकून काही होणार नाही, डिस्कच थकलेली आहे.

दोन्ही आकडे वर असतील तर? ४ जीबीच्या मशीनवर बहुतेकदा हेच दिसतं, आणि तिथं रॅमच खरी दोषी असू शकते. रॅम म्हणजे लिलावाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे मागचं गोदाम समजा. ओटा भरला की नवीन कट्टा मांडायला हमालाला आधीचा एक कट्टा गोदामात नेऊन टाकावा लागतो. जरा वेळानं त्याच कट्ट्याचं गिऱ्हाईक आलं की तो परत आणायचा. विंडोजही असंच करतं. रॅम भरली की त्यातला काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. तुम्ही टॅलीतून क्रोमवर गेलात की जे खरखर ऐकू येतं, ती हीच ने-आण. त्यात तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४ जीबीतलाच थोडा हिस्सा स्क्रीनसाठी जातो.

हे मी एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी न बघताच ४ ची ८ जीबी करून दिली. मशीन तसंच रखडत राहिलं. डिस्क खराब होत आली होती आणि रिटर्न भरायच्या ऐन दिवसांत ती बंद पडली. रॅमचे पैसे मी परत दिले, पण त्या ऑफिसातली दोन माणसं दोन रात्री जागून नोंदी पुन्हा करत होती, ते मी बघितलंय. तेव्हापासून आकडे बघितल्याशिवाय मी कुणाला रॅम विकत नाही.

आता घ्यायची कोणती ते सांगतो. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली किती स्लॉट आहेत, किती भरलेत आणि स्पीड किती हे लिहिलेलं असतं. थर्ड जनरेशनला डीडीआर-थ्री लागते, स्पीड १३३३ किंवा १६०० दिसेल. डीडीआर-फोर त्यात बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही २४० ऐवजी २८८ असतात. ‘बसवून बघू’ म्हणून कुणी जोर लावत असेल तर हात धरा. स्क्रीनच्या मागेच सगळं असलेलं ऑल-इन-वन मशीन असेल तर साधारणपणे लॅपटॉपची आखूड रॅम लागते. एक स्लॉट रिकामा असेल तर आहे तशीच, त्याच स्पीडची ४ जीबीची पट्टी जोडा. दोन सारख्या पट्ट्या जोडीनं काम करतात, त्याचाही थोडा फायदा होतो.

आणखी एक. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते बघा. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरूच शकत नाही. मग विंडोज नव्यानं टाकावं लागतं. त्याआधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर ते परत चालू करता येईल; हे लोक हमखास विसरतात.

बसवणं अवघड नाही. मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून घ्या. पट्टी कडेनं धरा, खाच जुळवा, दोन्ही टोकांना खटका ऐकू येईपर्यंत सरळ दाबा. चालू केल्यावर बीप वाजत राहिला आणि स्क्रीन आली नाही तर घाबरू नका. परत बंद करून पट्टी काढा, तिचे पिवळे टोक खोडरबरनं हलके पुसा आणि नीट बसवा.

कॅबिनेट उघडलंच आहे तर आतला पंखा बघा. आपल्याकडे सोयाबीन आणि तुरीच्या आवकेत दुकानात जी धूळ आणि भुसा उडतो, तो प्रोसेसरवरच्या पंख्याखाली नमद्यासारखा बसतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की असा प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन सकाळी बरं आणि दुपारी दोननंतर मेल्यासारखं चालत असेल तर आधी हा संशय घ्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. नुसत्या सफाईनं सुधारलेली मशीनं मी भरपूर बघितलीत.

नवीन घ्यायच्या सल्ल्याबद्दल. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ थर्ड जनरेशनवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात ते आज ना उद्या बदलावं लागेलच. म्हणूनच या मशीनमध्ये फार पैसा ओतू नका. ४ जीबीची डीडीआर-थ्री पट्टी जुन्या मशीनमधली तपासून घेतली तरी चालेल, ती पुढच्या मशीनला लागणार नाही. त्यावर पैसे उरले तर साटा एसएसडी, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, टाका. रखडणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी ती आली की विंडोज उघडण्यातच फरक कळतो, आणि नवीन मशीन घेतलं तर ती काढून बहुतेक ठिकाणी जोडता येते. मालकांना हे असंच सांगा, त्यांना पटेल.

उद्या दुपारी गर्दीच्या वेळी मेमरी आणि डिस्कचे दोन्ही आकडे बघून इथेच खाली टाका. बिट आणि रिकामे स्लॉटही लिहा. मग नेमकी कोणती पट्टी मागायची ते सांगतो.