ट्रेड शोला जातोयस तर जायच्या आधी हे वाच

अनेक आशीर्वाद.

काल तुझा मेसेज वाचला. ट्रेड शोला, म्हणजे व्यापारी प्रदर्शनाला, जातोयस हे झकासच, पण शेवटी ते 'बघून तरी येतो' लिहिलंयस ना, त्यावर बोलायचंय म्हणून एवढं लांबलचक टाईप करत बसलोय. नुसतं बघायला गेलास तर सगळे हॉल पालथे घालशील, पिशवीभर कॅटलॉग घेऊन येशील आणि ती पिशवी कपाटावर जाऊन पडेल, लिहून ठेव. त्यापेक्षा आधी निवांत बसून एक्झिबिटर लिस्ट आणि फ्लोअर प्लॅन काढ, खरंच काम आहे असे दहा-बारा स्टॉल निवड आणि त्यातल्या चार-पाच जणांना मेल टाकून वेळ ठरवून घे, कारण मालक किंवा एक्स्पोर्ट मॅनेजर शेवटपर्यंत थांबतीलच असं नाही, ते निघून गेले की स्टॉलवर उरतात हसत हसत पेन वाटणारी पोरं, त्यांना रेट विचारून काय उपयोग.

तारखा नीट बघ हेही सांगायला लागतं बरं का. चीनमधल्या ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून भरतोय, वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी तीन फेजमध्ये. मशिनरी-इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या फेजला, कपडे-टेक्स्टाईल तिसऱ्या. कपड्यांचा सप्लायर शोधायचाय आणि तिकीट पहिल्या फेजचं काढलं तर बसा मग मशिनी बघत. प्रिंटिंगवाल्यांचा जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा द्रुपा शो तर चार वर्षांनी येतो, तिथे 'पुढच्या वर्षी जाऊ' चालतच नाही.

आता स्टॉलवर काय बोलायचं. 'तुमच्या प्रॉडक्टबद्दल सांगा' असं म्हणू नकोस, त्यांचं भाषण तोंडपाठ असतं आणि तुझी वीस मिनिटं जातात. सरळ विचार, स्वतः बनवता की ट्रेडिंग? एमओक्यू, म्हणजे कमीत कमी किती माल घ्यावा लागतो, तो किती? ऑर्डर दिल्यापासून माल निघेपर्यंत किती दिवस? रेट एक्स-वर्क्स का एफओबी? एक्स-वर्क्स म्हणजे माल त्यांच्या फॅक्टरीत तुझ्या ताब्यात दिला की ते सुटले, पुढचं भाडं, एक्स्पोर्टचे कागद सगळं तुझ्या गळ्यात. एफओबी म्हणजे ते बंदरात जहाजावर चढवून देणार. एकाचा एक्स-वर्क्स आणि दुसऱ्याचा एफओबी रेट शेजारी शेजारी लिहून कोण स्वस्त ते ठरवणार असशील तर तो हिशेब चुलीत घाल.

'आम्हीच बनवतो' असं सगळेच म्हणतात. तेव्हा हळूच विचारायचं, यात रिजेक्शन जास्त कशामुळे येतं हो? स्वतः बनवणारा लगेच सुरू होतो, कच्चा माल असा, कारागीर तसे, ऐकत राहा नुसतं. ट्रेडर असेल तर कॅटलॉग उघडतो. दर वेळी खरं ठरेलच असं नाही, पण माझा यावर बराच भरवसा आहे.

आणि सॅम्पलला भुलू नकोस. पूर्वी व्यापारी जत्रेत माल घेऊन यायचे आणि तिथेच विकायचे, जर्मनीत लाइपझिगला १८९५ मध्ये नमुन्यांची जत्रा भरायला लागली आणि नमुना दाखवून ऑर्डर घ्यायची पद्धत पक्की झाली. म्हणजे स्टॉलवर मांडलेलं असतं ते निवडून, पुसून ठेवलेलं. ऑर्डर द्यायची वेळ आली की तस्सेच दोन नग माग, दोन्हीवर दोघांची सही आणि तारीख, एक त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे सीलबंद. कंटेनरमधून भलतंच काही निघालं तर भांडायला हातात काहीतरी हवं ना. 'शो डिस्काउंट फक्त आज संध्याकाळपर्यंत' म्हणाले तर हसून म्हणायचं, मेलवर पाठवा. आठवड्याने तोच रेट मिळतो बहुतेक वेळा.

एका स्टॉलवरून निघालास की दुसऱ्यावर जायच्या आधी पॅसेजमध्ये कडेला उभं राहून लिहून काढ, कार्डाचा आणि स्टॉलच्या पाटीचा फोटो, खाली दोन ओळी. चकचकीत कार्डावर शाई टिकत नाही, म्हणून मोबाईलमध्येच. मालाचे फोटो मात्र विचारून काढ, नाहीतर तिथेच वाजेल. गळ्यातला बॅज स्टॉलवाल्यांना स्कॅन करू दिलास की मेलचा पाऊस पडणार, त्यासाठी वेगळा आयडी ठेव.

तुझी स्वतःची सर्व्हिस स्टॉलवाल्यांना विकायचा विचार असेल तर भर गर्दीत जाऊ नकोस, जागेचे पैसे त्यांनी गिऱ्हाईकासाठी मोजलेत, तुझ्यासाठी नाही. शेवटच्या दिवशी दुपारी माणसं कंटाळलेली असतात, तेव्हा गप्पा मारतात. फक्त खोके बांधायला लागायच्या आत गाठ.

नवे बूट घालू नकोस, त्यावर जास्त काय सांगायचं.

परत आल्यावर तीन-चार दिवसांत मेल गेला पाहिजे, 'भेटून आनंद झाला' छाप नको, त्या माणसाशी जे बोलणं झालं त्यातलंच काहीतरी पहिल्या ओळीत घाल. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे. आणि कोटेशन आली की घाईत उत्तर न देता आधी मला फॉरवर्ड कर, बसून बघू.