जुना रेडिओ सुरू केल्यावर लगेच आवाज का येत नाही? पहिल्या कॉम्प्युटरमध्येही हेच व्हॉल्व्ह होते का?

तुमच्या आजोबांचा रेडिओ बिघडलेला नाही. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट गप्प राहणं ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, सेटची रीतच आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं येणारं गिऱ्हाईक सांगली केंद्र ऐकायचं असलं की सेट थोडा आधीच लावून ठेवायचं. आम्ही सगळे व्हॉल्व्हला 'वॉल' म्हणायचो, इथंही तेच म्हणतो.

अंधारात मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून आत बघा. काचेत नारिंगी वात पेटलेली दिसेल. तो हीटर. त्याच्याभोवती कॅथोडची बारीक नळी असते, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा थर. हा थर चांगला तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या धातूच्या प्लेटवरच्या दोन-अडीचशे व्होल्टकडे ओढले जातात. वॉल तापेपर्यंत आवाज नाही, तो यामुळे. दोन टोकांचा असा वॉल फ्लेमिंगनं १९०४ मध्ये केला. डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये त्या दोन टोकांच्या मधोमध तारेची जाळी घातली, आणि खरी जादू त्या जाळीत आहे. तिच्यावरचा विजेचा दाब (व्होल्टेज) किंचित हलला की प्लेटचा प्रवाह भरपूर हलतो, म्हणून हवेतला क्षीण सिग्नल घरभर ऐकू येतो.

त्याच जाळीला पुरेसा ऋण दाब दिला तर प्रवाह बंदच होतो. म्हणजे वॉल हा स्विच झाला. त्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे रिलेपेक्षा, म्हणजे विजेच्या चुंबकानं हलणाऱ्या स्विचपेक्षा, कितीतरी पटीनं जलद. तेव्हा हो, पहिल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरमध्ये वॉलच होते.

पण हजारो वॉल एकत्र लावले तर रोज कुठला तरी जाणार, मशीन चालणार कसं, असं जाणत्यांनाही वाटायचं. इंग्लंडच्या टपाल खात्यात टेलिफोनचं काम करणारे टॉमी फ्लॉवर्स यांचा अनुभव वेगळा होता. वॉल जातो तो बहुधा चालू-बंद करताना, सतत पेटता ठेवला तर टिकतो. या भरवशावर त्यांनी सुमारे १,६०० वॉलचं कोलोसस उभं केलं. १९४४ च्या सुरुवातीला ते ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायच्या कामाला लागलं आणि बंदच केलं जात नसे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या आबांची आठवण आली. "सेट सारखा चालू-बंद करू नको, वॉल जाईल," हे त्यांचं वाक्य मी लहानपणी रोज ऐकलंय. त्यांना फ्लॉवर्स माहीत असायचं कारणच नव्हतं. कोलोसस कित्येक वर्षं गुप्त होतं. वॉल चालू करतानाच जातो त्याचं कारण असं: थंड तारेचा रोध कमी असतो, म्हणून सुरू होताना प्रवाहाचा धक्का बसतो. घरातला पिवळा बल्बसुद्धा बटण दाबतानाच उडायचा, आठवून बघा.

१९४६ मध्ये जगापुढे आलेल्या अमेरिकेच्या एनियाक या कॉम्प्युटरमध्ये सुमारे १८,००० वॉल होते आणि त्याला दीडशे किलोवॅट वीज लागे. आपल्याकडं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बांधला, १९६० मध्ये तो पूर्ण झाला. त्यात २,७०० वॉल होते. तोवर जग वॉलचंच काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरकडं वळलं होतं. ट्रान्झिस्टर अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये १९४७ च्या डिसेंबरात जन्मला; त्याला तापवावं लागत नाही, सगळा फरक तिथं आहे. तरी देशातल्या माणसांनी स्वतः बांधलेलं ते मशीन मला फार मोलाचं वाटतं.

तुमचा सेट बरीच वर्षं बंद असेल तर थेट प्लगला लावू नका. आतले जुने कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) वाळलेले असतात, शॉर्ट झाले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणत्या माणसाकडून ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून घ्या, एलईडी चालणार नाही. बल्ब सुरुवातीला उजळून मंद झाला तर बरं लक्षण. तसाच लख्ख पेटून राहिला तर लगेच काढा आणि आधी कंडेन्सर बदलून घ्या.