सुखात आणि दुःखात ‘हेही दिवस जातील’ हे लक्षात कसं ठेवता?

दुःखात आठवण करून द्यावी लागत नाही, लोकच घरी येऊन सांगतात. अवघड जातं ते सुखात. पगार वाढला की मी शनिवारवाड्यात एक चक्कर मारतो. (हसू नका, तिकीट पेढ्यांपेक्षा स्वस्त पडतं.) १७३२ साली वास्तुशांत, १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. पुरती शंभर वर्षंही नाहीत! उरले तट, दरवाजे आणि जोती. त्या जोत्यांपाशी आता पोरं सेल्फी काढतात.

वाईट दिवसांत मात्र नदीकाठ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यात आजीचं नारायण पेठेतलं घर गेलं. त्याच दिवाळीत तिने भाड्याच्या खोलीत चकल्या तळल्या. जरा मऊ पडल्या, म्हणायची.