नेटवर जुळत नाही म्हणजे माशी नवीन का?

प्रश्न : सर, मी वाळपईजवळच्या गावात राहते, बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाटाच्या कडेला ओल्या दगडांवर बारीक हिरव्या-सोनेरी चमकणाऱ्या माश्या बसतात, पाय लांब लांब, जरा हात हलवला की उडून परत तिथेच. मोबाईलला क्लिपवाली लेन्स लावून फोटो काढले, नेटवर खूप शोधलं पण कुठेच जुळत नाही. ही नवीन स्पीशीज असू शकते का? आणि असली तर माझ्या आजीचं नाव देता येईल का? कुळागर आजपर्यंत तिनेच राखलंय.

उत्तर : नवीन असू शकते, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये. तू वर्णन केलंयस त्यावरून ही लांब पायांच्या माश्यांच्या कुळातली वाटते, डॉलिकोपोडिडी म्हणतात त्याला. जगात या एका कुळात सात हजारांहून जास्त जातींना नावं दिलेली आहेत आणि तरी उष्ण प्रदेशात अजून ढिगाने बिननावाच्या पडल्यात. कोस्टा रिकात झुर्की नावाच्या ठिकाणी फक्त ४ हेक्टर जंगलात वर्षभर माश्या गोळा केल्या, आणि जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून वेगळ्या केल्या तेव्हा त्यात ४,३३२ जाती निघाल्या, ७३ कुळांतल्या. आणि जंगलच लागतं असंही नाही, लॉस एंजेलिससारख्या शहरात लोकांच्या घरामागच्या बागांत जाळ्या लावल्या तर फोरिड नावाच्या बारीक माश्यांच्या एकाच वंशातल्या ३० नव्या जाती मिळाल्या, २०१५ साली नावांसकट छापून आल्या. मग तुमच्या सत्तरी तालुक्यातल्या पाटाकडेच्या दगडावर का नसावी?

पण नेटवर जुळली नाही एवढ्यावरून नवीन म्हणता येत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत नेमकं हेच झालेलं असतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. नावं दिलेल्या माश्यांपैकी बहुतेकींचा नेटवर फोटोच नाही. आपल्या देशातल्या माश्यांचं मोठं काम केलं ते ब्रुनेटी नावाच्या माणसाने, पेशाने संगीतकार, कलकत्त्याला राहून त्यांनी जाडजूड खंड लिहिले, १९१२, १९२० आणि १९२३ साली आले ते. त्यात कित्येक जातींना फक्त थोड्या ओळी, रंग असा, पाय असे, लांबी इतकी, संपलं. तुझी माशी त्यांतल्याच एखाद्या ओळीत असू शकते, किंवा शंभर दोनशे वर्षांपूर्वी लॅटिन नाहीतर जर्मनमध्ये लिहिलेल्या वर्णनात असू शकते. प्राण्यांच्या नावांचा हिशोब १७५८ पासून धरतात आणि सगळ्यात जुनं नाव खरं मानतात, त्यामुळे आधीचं सगळं वाचल्याशिवाय नवीन म्हणायची सोयच नाही. मोबाईल घेऊन दगडापाशी बसलं म्हणजे माशी दिसते, ती नवीन आहे हे मात्र टेबलावर ठरतं, कधीकधी चार-पाच वर्षांनी.

आता टेबलावर करतात काय? या माश्यांत दोन जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की फरक सापडतो तो नराच्या जननेंद्रियात, त्यामुळे आधी नर हवा. तुझ्या माशीत नर ओळखणं सोपं आहे, त्याच्या पोटाचं टोक खालून पुढे वळलेलं असतं, साध्या भिंगातूनही दिसेल. ते टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवायचं, मऊ मांस विरघळतं आणि कडक भाग तेवढे उरतात, मग ग्लिसरीनच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली सगळ्या बाजूंनी फिरवून फिरवून चित्र काढायचं, आणि झालं की तेच टोक इवल्याशा नळीत ग्लिसरीन घालून त्याच माशीच्या पिनेला लावून ठेवायचं म्हणजे पुढच्या माणसाला तपासता येतं. पंखांतल्या शिरा, छातीवरचे ताठ केस (प्रत्येक केसाला जागेप्रमाणे वेगळं नाव आहे, सुरुवातीला वेड लागायची पाळी येते पण महिन्याभरात डोळा बसतो), पायांवरचे तुरे, सगळं लिहायचं. शिवाय एक-दोन माश्या स्ट्राँग अल्कोहोलमध्ये ठेवायच्या डीएनएसाठी. बारकोड म्हणतात तो डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा असतो, त्याने इशारा चांगला मिळतो, पण नुसत्या त्याच्या जोरावर नवीन जात जाहीर करणं मला पटत नाही.

एवढं करून नवीनच निघाली तर त्यातली एकच माशी निवडून तिला होलोटाइप म्हणून जाहीर करायचं. आपल्या गोव्यात जमिनीवरून वाद झाला की तोंडी कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवून एक-चौदाचा उतारा (जमिनीचा सरकारी दाखला) काढतात ना, तसं त्या नावाबद्दल उद्या काही शंका आली की ती एक माशी काढून बघायची. म्हणून ती कुणाच्या घरात ठेवून चालत नाही. प्राण्यांच्या नावांच्या, २००० पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय हे छापून सांगावंच लागतं. आणि आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात नवीन जात सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करायचं बंधन आहे, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही त्यातलीच एक.

तू आज करू शकतेस ते म्हणजे लेबल. गाव, तालुका, तारीख, कोणी पकडली, कशावर बसली होती, सगळं पकडल्या दिवशीच लिही, पेन्सिलीने नाहीतर अल्कोहोलमध्ये न पुसणाऱ्या शाईने. लेबल नसलेली माशी कितीही सुंदर असली तरी मी बाजूला ठेवतो, दुसरा इलाजच नसतो. इतकी बारीक माशी पिनेने थेट टोचू नकोस, कडक कागदाचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या टोकाला उजव्या कुशीवर चिकटव म्हणजे डावी बाजू अख्खी राहते. आणि आपल्या पावसाळ्यात बुरशीला फार जप. मी एकदा जुलैमध्ये पेटी टेबलावर ठेवून चार दिवस गावाला गेलो, झाकण नीट बसलं नव्हतं, येऊन उघडली तर नेत्रावळीच्या बाजूला पकडलेल्या माश्यांच्या अख्ख्या ओळीवर पांढरा थर, केस कुठले आणि बुरशी कुठली ते कळेना, आणि त्या केसांवरच तर ओळख होती. अजून आठवलं की वाईट वाटतं. सिलिका जेल घाल, ते ओलं झालं की तापवून परत वापर.

आजीचं नाव? हो, नक्की देता येतं, आणि मला ते फार आवडेल. बाईच्या नावापुढे लॅटिनमधला ए-ई प्रत्यय लावतात, पुरुषाच्या नावाला आय, आणि गावाचं नाव द्यायचं तर एन्सिस. ऑस्ट्रेलियातल्या एका सोनेरी पोटाच्या गोमाशीला २०११ मध्ये गायिका बियॉन्सेचं नाव दिलं, ती माशी १९८१ साली पकडलेली, तीस वर्षं संग्रहात तशीच पडून होती, पण लेबल होतं म्हणून कामाला आली. फक्त ते नाव नियमाप्रमाणे वर्णनासकट रिसर्च पेपरमध्ये छापून यायला हवं, पेपर नुसता ऑनलाइन असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदही लागते. तोपर्यंत ते कुठे पोस्ट करू नकोस. आणि तुमचं गाव म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर पकडायच्या आधी वनखात्याची लेखी परवानगी घे, कॉलेजमधल्या मॅडमना सांगून कॉलेजच्या लेटरवर अर्ज कर.

प्रश्न : फोटो काढून माशीला सोडून दिलं तर नाही का चालत? एका जिवाला मारून मग त्याला नाव द्यायचं हे माझ्या मनाला पटत नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे, मडगावला असते.

उत्तर : बाई, तुमचं म्हणणं मला कळतं, मलाही मारताना बरं वाटत नाही. नुसत्या फोटोवरून नाव द्यायचा प्रयत्न झालेला आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली भुंग्यासारखी दिसणारी एक माशी दोघा शास्त्रज्ञांनी फक्त फोटोंवरून जाहीर केली, जपून ठेवलेला नमुना नव्हता. त्यावर जगभर वाद झाला, पुढच्या वर्षी शेकडो टॅक्सॉनॉमिस्टांनी (जाती ओळखून नावं देणाऱ्या शास्त्रज्ञांनी) सह्या करून विरोध नोंदवला. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे, कारण फोटोतल्या माशीला उलटी करून बघता येत नाही, उद्या तिच्यासारखीच दुसरी सापडली तर तुलना कशाशी करायची?

पण फोटोंची किंमत मी कमी करत नाहीये. गुरांना चावणारी मोठी गोमाशी असते तिच्या डोळ्यांवरचे हिरवे पट्टे मेल्यावर सुकले की जातात, ते जिवंतपणीच्या फोटोतच राहतात. शिवाय ती कशी बसते, काय खाते हे पिनेवरच्या माशीकडून कळणार नाही. माझा नियम एवढाच की लागतील तेवढ्याच पकडायच्या, आणि पकडलेली एकही वाया जाऊ द्यायची नाही. दुसरी बाजूही बघा, एका जागेवरचा ओहोळ बुजवला, डोंगर कापला की तिथल्या अख्ख्या जातीच जायच्या, आणि त्यांना नावच नसेल तर त्या होत्या हे कुठल्या यादीत दाखवणार आपण? मला झोप येत नाही ती या विचाराने.

प्रश्न : जळार (डास) आणि चिलटं पण माश्यांतच येतात का?

उत्तर : हो. दोनच पंख आणि मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या, हे असलं की ती माशी. मधमाशीला चार पंख, म्हणून नावात माशी असली तरी ती यात नाही.

प्रश्न : माझी मानकुरादची तीस झाडं आहेत, सांग्याकडे. दरवर्षी मेच्या शेवटाला, पाऊस पडायला लागला की आंब्यात अळ्या. मीटिंगला जातो तिथे प्रत्येक साहेब फळमाशीचं वेगळं नाव सांगतात. नावं का बदलतात, आणि आम्हाला त्याचं काय?

उत्तर : तुम्हाला त्याचं बरंच काही आहे. आंब्यातली ही माशी म्हणजे मुख्यतः बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, १९१२ साली हेंडेलने हे नाव दिलं. त्याच्याही आधी १७९४ मध्ये फॅब्रिशियसने दुसरं नाव दिलेलं, पण तेच नाव १७६३ मध्ये दुसऱ्या एका माशीला देऊन झालं होतं म्हणून ते बाद. पुढे १९९४ मध्ये हिच्यासारख्या दिसणाऱ्या दोघींना वेगळ्या जाती ठरवलं, पपाये आणि फिलिपिनेन्सिस. मग २००३ मध्ये केनियात एक फळमाशी घुसली, २००५ मध्ये तिला इन्व्हेडेन्स म्हणून नवीन जात जाहीर केलं, ती आफ्रिकाभर पसरली आणि तिच्या नावावर तिथल्या आंब्याची निर्यात अडली. एवढं सगळं झाल्यावर बऱ्याच देशांच्या लोकांनी वर्षानुवर्षं डीएनए तपासलं, अवयव मोजले, एकमेकींशी जोड्या लावून पिल्लं होतात का ते बघितलं, आणि २०१५ मध्ये सांगितलं की या तिन्ही म्हणजे आपली डॉर्सॅलिसच. म्हणजे एका माशीच्या चार माश्या झाल्या होत्या, आणि कुठल्या देशात आंबा जाणार, कुठे अडणार ते त्या नावांवर ठरत होतं. म्हणून मी नवीन जात म्हणायला घाई करू नका असं सगळ्यांना सांगत असतो.

नाव बरोबर असलं की सापळाही बरोबर लागतो. डॉर्सॅलिसचे नर मिथाइल युजेनॉल या सापळ्यातल्या वासाच्या औषधाला येतात, पण पावसाळ्यात तवशी (काकडी), दोडकी खराब करणारी दुसरी फळमाशी त्याला येत नाही, तिला क्यू-ल्युअर हे दुसरं वासाचं औषध लागतं. आंब्याचा सापळा तवशीच्या मांडवात टांगून माश्या मिळत नाहीत म्हणून औषधाला नावं ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यांची चूक नाही, त्यांना कुणी हा फरक सांगितलाच नव्हता. बाकी पडलेला आंबा झाडाखाली ठेवू नका, अळी त्यातून मातीत उतरते आणि कोष करते. आणि फुलोऱ्याच्या वेळी फवारणी जपून करा, मोहोरावर येणाऱ्या दुसऱ्या माश्यांमुळेच तुमचा आंबा धरतो, त्या फळमाश्या नव्हेत.

तुमच्याकडे नक्की कुठली आहे ते बघायचं असेल तर किडलेले पाच-सहा आंबे बादलीत चार बोटं कोरड्या रेतीवर ठेवा, वर बारीक कापड बांधा. साधारण दोन-तीन आठवड्यांत माश्या निघतील. निघाल्या निघाल्या मारू नका, त्यांचा रंग पक्का व्हायला चार-पाच दिवस जातात, तोपर्यंत कापसावर साखरेचं पाणी द्या, मग अल्कोहोलच्या बाटलीत घालून जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या कृषी संशोधन संस्थेत नेऊन दाखवा. बाटलीत कागदाचा तुकडा टाका, त्यावर गाव, तारीख आणि मानकुराद असं पेन्सिलीने लिहा.