वाचकांचे प्रश्न: तिघांचं जमतं का?

प्रश्न: ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम एकत्र नांदतात असं खरंच कुठे आहे का हो?

उत्तर: आहे ना! मुंबईत माझगावची सर एली कदूरी शाळा बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या मुलांसाठी निघाली, पुढे बरीच ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली आणि आता या शाळेत शिकणारी बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. आणि इस्रायलमध्ये नेवे शालोम नावाचं गाव आहे, ब्रूनो हुसार या कॅथलिक पाद्रींनी सुरू केलेलं, तिथे ज्यू आणि अरब, म्हणजे मुस्लिम ख्रिश्चन दोन्ही, शेजारी राहतात आणि पोरं एकाच शाळेत हिब्रू अन् अरबी शिकतात. मला तर नेत्यांच्या परिषदांपेक्षा हेच जास्त मोलाचं वाटतं, एका बाकावर वाढलेल्या पोरांना एकमेकांविरुद्ध भडकवणं सोपं नसतं. युद्ध पेटलं की तिथेही खूप ताण येतो, वाद होतात, तरी लोक बसून बोलतात.